वाचकांचे आरोग्यप्रश्न : मलेरियाची काच आणि तिच्यावरचा भरवसा

पावसाने थोडी उसंत घेऊन ऊन पडू लागले की या सदराकडे तापाची पत्रे वाढतात. या खेपेस डिचोलीपासून मडगावपर्यंतच्या वाचकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली आहे : बोट टोचून काचेवर घेतलेल्या रक्ताच्या तपासणीवर किती विसंबावे? गोव्यातल्या प्रयोगशाळांत सूक्ष्मदर्शकाशी बसून अशा काचा वाचण्यात माझे आयुष्य गेले आहे, म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : चवथीनंतर माझ्या मुलाला थंडी वाजून ताप आला. पहिल्याच दिवशी खासगी प्रयोगशाळेत रक्त दिले, तेव्हा ‘मलेरिया निगेटिव्ह’ असा अहवाल आला. ताप हटेना म्हणून चौथ्या दिवशी आरोग्य केंद्रात पुन्हा रक्त तपासले, तर व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. पहिल्या प्रयोगशाळेने चूक केली असे समजावे काय? (एक गृहिणी, डिचोली)

उत्तर : चूक झाली असण्याची शक्यता आहे, पण मुळीच चूक नसतानाही असे घडू शकते आणि ते का घडते हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

डास चावल्यावर मलेरियाचे परजीवी आधी यकृतात जातात, तेथे वाढतात आणि मग रक्तात उतरून लाल पेशींमध्ये शिरतात. व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या जातीत चावा आणि ताप यांत साधारण १२ ते १७ दिवस जातात, कधी कधी कित्येक महिनेही जातात. ताप सुरू होतो त्या दिवशी रक्तातल्या परजीवींची संख्या बरीच कमी असू शकते. आता हिशेब पाहा. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या थेंबात, सुमारे ५० लाख लाल पेशी असतात. त्यांत १०० परजीवी असले तर ५० हजार पेशींमागे एक पेशी बाधित असते. पातळ पसरलेल्या रक्तलेपात सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी दिसणाऱ्या गोल भागाला आम्ही ‘फील्ड’ म्हणतो आणि त्यात दोनशे-अडीचशे लाल पेशी दिसतात. म्हणजे एक परजीवी दिसायला सरासरी दोनशे फील्ड पाहावी लागतील. घाईच्या वेळी पाच-पन्नास फील्ड पाहून काच बाजूला ठेवली गेली, तर आपल्या मुलाच्या रक्तातला परजीवी त्या काचेवर असूनही कोणाच्या नजरेस पडणार नाही.

यावर उपाय म्हणजे जाड लेप. त्यात रक्त पसरवत नाहीत. थेंब सुमारे एक सेंटिमीटर व्यासात गोल फिरवून तसाच वाळवतात आणि पाण्याने लाल पेशींतला रंग काढून टाकतात, त्यामुळे पेशींचे कित्येक थर एकदम पाहता येतात. चांगल्या जाड लेपाच्या एका फील्डमध्ये पंधरा-वीस पांढऱ्या पेशी असतात, आणि शंभर फील्ड पाहिली की मायक्रोलिटरचा जवळजवळ पाचवा ते चौथा हिस्सा डोळ्यांखालून जातो. वरच्याच उदाहरणातले वीस-पंचवीस परजीवी तेथे भेटतील. म्हणूनच जाड लेपाची निदान १०० फील्ड पाहिल्याखेरीज ‘नाही’ असे लिहू नये, असा नियम आहे. त्यासाठी मला सात-आठ मिनिटे लागतात, आणि ती वाचवायची नसतात.

तेव्हा ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा नेमका अर्थ असा घ्यावा की त्या दिवशीच्या त्या थेंबात, जेवढी फील्ड पाहिली तेवढ्यांत, परजीवी सापडला नाही. ताप चालूच असेल तर बारा ते चोवीस तासांनी दुसरी काच आणि गरज वाटल्यास तिसरीही घ्यावी, आणि हे सगळे दोन-तीन दिवसांच्या आत उरकावे. मूल गुंगीत जाऊ लागले, फीट आली, लघवी काळपट झाली, श्वास जोरात चालू लागला किंवा पाणीही पोटात टिकेना, तर काचेच्या क्रमांकाची वाट पाहत बसू नये. थेट इस्पितळात न्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण मी नेहमी विचारतो : पहिल्या दिवशी रक्त देण्याआधी मुलाला घरातली एखादी गोळी दिली होती काय? क्लोरोक्विनच्या दोन गोळ्या पोटात गेल्या तरी परजीवी झपाट्याने घटतात आणि उरलेले ओळखू येईनासे होतात. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) भीतीने पावसाळ्यात घेतलेली डॉक्सीसायक्लिनदेखील मलेरियाचा परजीवी थोडाफार दाबते. एका मुलीची काच मला आठवते. शेजारणीने उरलेल्या पाकिटातल्या गोळ्या दिल्या होत्या आणि ते कोणी सांगितले नव्हते. दोनशेहून अधिक फील्ड पाहिल्यावर दोनच आकृत्या सापडल्या, त्याही आकसलेल्या आणि कडा विरलेल्या, इतक्या की प्रजातीचे नाव लिहिताना माझा हात अडला. परजीवींची जात ओळखता आली नाही तर औषध ठरवणेही अवघड होते. म्हणून आधी रक्त द्यावे, गोळी नंतर घ्यावी.

प्रश्न : मी प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करीत आहे. जून ते सप्टेंबर या काळात माझे जाड लेप एक तर धुताना निघून जातात, नाही तर लालसर राहतात आणि काहीच कळत नाही. पातळ लेप मात्र छान येतात. फक्त पातळ लेप पाहून अहवाल दिला तर चालेल काय? (एक विद्यार्थी, म्हापसा)

उत्तर : चालणार नाही. जाड लेप परजीवी शोधण्यासाठी असतो आणि पातळ लेप त्याची जात ओळखण्यासाठी असतो, त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याला सांगता येत नाही. पण आपली अडचण खरी आहे. गोव्याच्या पावसाळ्यात ती मीही वर्षानुवर्षे सोसली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लेप निघून जातो तेव्हा बहुधा काच तेलकट असते, थेंब फार जाड झालेला असतो किंवा तो आतून ओला असतानाच पाण्यात गेलेला असतो. काच नवीन असली तरी ती पुसून, स्पिरिटने स्वच्छ करून, कडेने धरूनच वापरावी, कारण बोटाचा ठसा पुरेसा तेलकट असतो. जाडी जमली की नाही हे पाहण्यासाठी ओला लेप छापील वर्तमानपत्रावर धरावा. त्यातून अक्षरे जेमतेम वाचता आली पाहिजेत. अक्षरे लख्ख दिसली तर लेप पातळ आहे, मुळीच दिसली नाहीत तर तो नक्की सुटणार. जुलैतल्या दमट हवेत लेप वाळायला वेळ लागतो आणि मग माणूस अधीर होऊन काच स्पिरिटच्या दिव्यावर किंवा बल्बच्या उबेला धरतो. लालसरपणाचे मूळ येथेच आहे. उष्णतेने रक्त काचेवर पक्के बसते आणि मग पाण्याने पेशींतला रंग निघत नाही. एकाच काचेवर दोन्ही लेप असतील आणि पातळ लेप मेथॅनॉलने पक्का करताना एखादा ओघळ किंवा नुसती वाफ जाड लेपाला लागली, तरी तेच होते. म्हणून पातळ लेपाची बाजू खाली करून काच तिरपी धरावी. वाळवण्यासाठी छोटा पंखा लावावा आणि नंतर काचा सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवाव्यात. जाळी तर हवीच. एका ऑगस्टमध्ये रात्रभर उघड्या ट्रेमध्ये राहिलेल्या काचा सकाळी पाहिल्या, तर जाड थेंबांची मधोमध चाळणी झाली होती. झुरळांनी रक्त खाल्ले होते. त्या सगळ्या रुग्णांना पुन्हा बोट टोचायला बोलवावे लागले आणि त्यांतले दोघे आलेच नाहीत. ते दोघे मला अजून आठवतात.

मेथॅनॉलची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली तर ते हवेतला ओलावा ओढून घेते. अशा मेथॅनॉलने पक्क्या केलेल्या पातळ लेपात लाल पेशींच्या मध्यभागी चमकदार बुडबुड्यांसारखे डाग दिसतात. शिकाऊ डोळा त्यांना परजीवी समजतो.

आता रंगाविषयी. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेरां यांनी अल्जीरियात १८८० साली मलेरियाचा परजीवी प्रथम पाहिला तो ताज्या, न रंगवलेल्या रक्तात. त्यांनी ओळखली ती त्याची हालचाल. वाळलेल्या काचेवर हालचाल नसते, तेथे आपल्याला रंगाचाच आधार. आपल्या देशाच्या मलेरिया कार्यक्रमात दीर्घकाळ वापरला गेलेला जे.एस.बी. रंग जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. तो पाण्यात विरघळतो, झटपट रंगवतो आणि रोज शेकडो काचा हाताळायला सोयीचा पडतो. जिम्सा हा दुसरा रंग वापरत असाल तर तीन टक्के द्रावणात तीस ते पंचेचाळीस मिनिटे किंवा दहा टक्के द्रावणात दहा मिनिटे ठेवावे. मला पहिली रीत अधिक पसंत आहे, कारण घाई नसेल तर तिचा रंग जास्त स्वच्छ येतो. दोन्ही रीतींत पाण्याचा पी.एच., म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ७.२ असला पाहिजे. हे पुस्तकी वाटते, पण जांभ्या दगडातून झिरपणारे आपल्याकडील विहिरीचे पाणी बहुधा आम्लधर्मी असते. त्यात रंगवलेल्या काचा गुलाबी पडतात आणि व्हायव्हॅक्स ओळखून देणारे शुफनरचे बारीक ठिपके उमटतच नाहीत. पाण्याचा पी.एच. ठरावीक ठेवणाऱ्या बफरच्या गोळ्या किंवा पूड वापरावी, नळाला किंवा विहिरीला हात लावू नये.

काच वाचायला घेतली की परजीवी शोधण्याआधी पांढऱ्या पेशीकडे पाहावे. तिचे केंद्रक गर्द जांभळे आले असेल तर रंगावर विश्वास ठेवून पुढे जावे, नसेल तर काच परत रंगवावी. जाड लेपात लाल पेशींची चौकट उरत नाही, म्हणून परजीवी पुस्तकातल्यासारखा अंगठीदार न दिसता कधी स्वल्पविरामासारखा, कधी उद्गारचिन्हासारखा, तर कधी पंख पसरलेल्या पाकोळीसारखा दिसतो. लाल ठिपका आणि निळसर पेशीद्रव ही दोन्ही एकाच पातळीवर, एकाच वेळी स्पष्ट दिसली तरच त्याला परजीवी म्हणावे. नुसता लाल ठिपका रंगाचा कण असू शकतो आणि नुसता जांभळट गोळा प्लेटलेट असू शकतो.

जात ठरवायला पातळ लेपाच्या शेपटीकडच्या भागात यावे, जेथे पेशी एकमेकींना न चिकटता एका थरात असतात. बाधित पेशी शेजारणींपेक्षा फुगलेली असेल, तिच्यात बारीक गुलाबी ठिपके असतील, आतला परजीवी अमीबासारखा वेडावाकडा पसरला असेल आणि सगळ्या वयांचे परजीवी एकाच काचेवर भेटत असतील, तर तो व्हायव्हॅक्स. पेशी आपल्या मूळ आकाराचीच असेल, अंगठी नाजूक असेल, एका पेशीत दोन-तीन अंगठ्या किंवा कडेला चिकटलेली अंगठी दिसेल आणि मधल्या वयाचे परजीवी जवळजवळ नसतीलच, तर तो फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाची दुसरी, अधिक धोक्याची जात. चंद्रकोरीसारखी युग्मक पेशी (गॅमेटोसाइट) दिसली की फाल्सिपॅरमबद्दल शंकाच उरत नाही. दोन्ही जाती एकाच रुग्णात असू शकतात, म्हणून एक सापडल्याबरोबर थांबू नये.

सुईच्या नळीतले, गुठळी होऊ नये म्हणून औषध घातलेले रक्त वापरावे लागलेच तर लेप तासाभराच्या आत करावा. त्यानंतर परजीवींचे रूप बिघडू लागते.

प्रश्न : थंडी भरून आली असतानाच रक्त द्यावे, एरवी परजीवी सापडत नाहीत, असे आमच्या लहानपणी सांगत. हे खरे काय? आणि उपाशीपोटी जावे लागते काय? (एक ज्येष्ठ नागरिक, पेडणे)

उत्तर : उपाशी राहण्याची काहीच गरज नाही. थंडीविषयीच्या समजुतीला आधार आहे, पण तिच्यावर चालणे धोक्याचे आहे. बाधित लाल पेशी एकदम फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप चढतो आणि व्हायव्हॅक्समध्ये हे चक्र सुमारे ४८ तासांचे असते. मात्र परजीवी दोन हुडहुड्यांच्या मधल्या काळातही रक्तात असतातच, आणि सुरुवातीच्या दिवसांत तर तापाला असा ठरावीक पाळा नसतोही. थंडीची वाट पाहण्यात एक दिवस गेला आणि आजार फाल्सिपॅरमचा असला, तर तो दिवस महागात पडतो. ज्या क्षणी शंका येईल त्या क्षणी रक्त द्यावे.

प्रश्न : मी एका बांधकामावर देखरेखीचे काम करतो. मजूर बहुतेक परराज्यांतले आहेत. तापाच्या मजुराची पंधरा मिनिटांत कार्डावर तपासणी होते, मग काच कशाला हवी? (एक पर्यवेक्षक, पर्वरी)

उत्तर : कार्ड उपयोगाचे आहे, त्याला मी कमी लेखत नाही. रात्रीची वेळ असेल, जवळ सूक्ष्मदर्शक नसेल किंवा रुग्ण अत्यवस्थ असेल, तर कार्डाने पंधरा-वीस मिनिटांत उपचाराला सुरुवात करता येते. हे कार्ड परजीवीने रक्तात सोडलेली प्रथिने ओळखते, प्रत्यक्ष परजीवी पाहत नाही. त्यामुळे त्याच्याकडून तीन गोष्टी कळत नाहीत. परजीवी किती आहेत हे ते सांगत नाही. फाल्सिपॅरमसाठी बहुतेक कार्डे ज्या एच.आर.पी.-२ प्रथिनावर अवलंबून असतात ते प्रथिन रुग्ण बरा झाल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहते, म्हणून गेल्या महिन्यात उपचार झालेल्या मजुराला आज दुसऱ्याच कारणाने ताप आला तरी कार्डावर रेघ उमटू शकते. आणि काही फाल्सिपॅरम परजीवींमध्ये हे प्रथिन तयार करणारे जनुकच नसते, तेव्हा आजार असूनही ती रेघ येत नाही. या तिन्ही ठिकाणी काच खरे बोलते. एकाच टोचणीत कार्डासाठी थेंब घ्यावा आणि काचेसाठीही घ्यावा, यात मजुराला जास्तीचा त्रास काहीच नाही.

आपल्या हातात असलेली दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. मजूर आज एका कामावर असतो आणि आठवड्याने दुसऱ्या. काच तपासून होईपर्यंत तो निघून गेला, तर तो परजीवी आपल्याबरोबर घेऊन जातो. गोव्यातल्या शहरी मलेरियाचा मुख्य वाहक असलेला अ‍ॅनोफिलिस स्टेफेन्सी डास स्लॅबवर साठवलेल्या पाण्यात, उघड्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो, म्हणजे आजारी माणूस आणि डास एकाच आवारात असतात. काचेचा क्रमांक, मजुराचा चालू मोबाइल क्रमांक आणि आरोग्यपत्राचा क्रमांक आपल्या वहीत एकत्र लिहून ठेवावा आणि अहवाल येईपर्यंत त्याला सोडू नये. एका ठेकेदाराने तापाच्या सगळ्याच मजुरांना रक्त न घेता गोळ्या वाटल्याचे मी पाहिले आहे. त्यांच्या काचा नंतर घेतल्या तेव्हा बहुतेक कोऱ्या निघाल्या, आणि कोणाला फाल्सिपॅरम होता हे कळण्याची वाट बंद झाली. तसे कृपया होऊ देऊ नये.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या पहिल्या अहवालात ‘पी.एफ. ++’ असे होते. उपचार पुरा झाला, ताप गेला. दहा दिवसांनी पुन्हा तपासले तर ‘गॅमेटोसाइट आढळले’ असे लिहून आले. औषध लागू पडले नाही काय? शेजारी तर म्हणतात की मलेरिया झाला की चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात, त्या वडिलांना दिल्याच नाहीत. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पी.एफ. म्हणजे फाल्सिपॅरम. आधी अधिक-चिन्हांचा अर्थ सांगतो. जाड लेपाच्या शंभर फील्डमध्ये मिळून एक ते दहा परजीवी दिसले तर एक अधिक, अकरा ते शंभर दिसले तर दोन. एकेका फील्डमध्येच एक ते दहा दिसू लागले तर तीन आणि त्याहून जास्त असले तर चार. ही ढोबळ रीत आहे. इस्पितळात रुग्ण गंभीर असेल तेव्हा पांढऱ्या पेशींच्या प्रमाणात परजीवी मोजून मायक्रोलिटरचा आकडा मागावा. फाल्सिपॅरममध्ये एक सावधगिरी नेहमी बाळगावी लागते : त्याचे वाढलेले परजीवी मेंदूच्या आणि इतर अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात आणि बोटाच्या रक्तात फक्त कोवळ्या अंगठ्या फिरत राहतात. म्हणून काचेवर एकच अधिक असले तरी आजार सौम्य आहे असे धरू नये, रुग्णाकडे पाहूनच ठरवावे.

दहाव्या दिवशी दिसलेले गॅमेटोसाइट, म्हणजे त्या चंद्रकोरी, औषध हरल्याची खूण नाहीत. गॅमेटोसाइट म्हणजे डासाच्या पोटात जाऊन पुढचे चक्र सुरू करणारी युग्मक पेशी. तिच्यामुळे ताप येत नाही आणि मूळ औषधाने अंगठ्या नाहीशा झाल्यावरही ती काही दिवस, कधी काही आठवडे रक्तात रेंगाळते. वडिलांच्या त्या काचेवर अंगठ्या होत्या काय, एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे. अहवालात त्यांचा उल्लेख नसेल तर प्रयोगशाळेला तो स्पष्ट लिहून द्यायला सांगावे. अंगठ्या असतील किंवा ताप परतला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. चंद्रकोरींसाठी प्रायमाक्विनची एकच मात्रा असते. ती वडिलांना मिळाली होती काय, हे उपचाराच्या कागदावर पाहावे, कारण घरातल्या आणि वाड्यावरच्या इतरांना होणारी लागण तिच्यामुळे टळते.

शेजारी सांगतात तो चौदा दिवसांचा क्रम व्हायव्हॅक्ससाठी आहे. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन पुन्हा ताप आणतात. ते रक्तात नसतात, म्हणून कितीही चांगल्या काचेवर दिसत नाहीत, आणि ते मारण्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. फाल्सिपॅरममध्ये असे निद्रिस्त रूप नसते. जात ओळखण्यासाठी पातळ लेपावर आम्ही एवढा वेळ का घालवतो, ते यावरून ध्यानात येईल. प्रायमाक्विन गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना देत नाहीत. ज्यांच्या लाल पेशींत जी-६-पी-डी नावाचे विकर (एन्झाइम) कमी असते त्यांच्या पेशी या औषधाने फुटू शकतात, म्हणून गोळ्या चालू असताना लघवी कोकमाच्या पाण्यासारखी लालसर किंवा काळपट झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. जाताना दोन्ही अहवाल जवळ ठेवावेत आणि शक्य असेल तर प्रयोगशाळेकडून काचाही मागून न्याव्यात, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाला त्या स्वतः पाहता येतील.